कालव्याच्या वळणावरचा आवाज

दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पडायला लागले की आमच्याकडे हंगाम सुरू झाला असं समजायचं. साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडून आलेली ती उसाच्या जळक्या चिपाडाची काजळी. ती पुसायची नसते, फुंकर मारून उडवायची असते. पुसली की पसरते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी दर वर्षी पहिला ठिपका मी बोटानं पुसते आणि साडीवर काळी रेघ ओढून ठेवते. परवा रविवारी गावी आले तेव्हाही तेच केलं. हवेत मळीचा आंबूस गोड वास भरला होता. बाहेरगावचे लोक त्या वासाला नाक मुरडतात. आम्हाला त्या वासानं भूक लागते.

हंगाम म्हणजे आमच्या इस्लामपूरच्या भागात आधी आवाज आणि मग ऊस. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या छपराला बांधलेले स्पीकर, त्यातून येणारी गाणी, आणि गाणं संपायच्या आत मागून येणारा दुसरा ट्रॅक्टर आणि त्याचं दुसरं गाणं. मी सांगलीत शाळेत शिकवते. नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा काय बोलले असेन तर “गप्प बसा”. त्यामुळे आवाजाशी माझं पहिल्यापासून वाकडं आहे. कुणी खुर्ची फरफटत ओढली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. नवरा मिक्सर लावायच्या आधी मला आतल्या खोलीत जायला सांगतो. अशा बाईनं एका हंगामात एका जुन्या गाडीचा आवाज घालवायचा ध्यास घेतला यात नवल काहीच नाही. आता काजळीचे ठिपके दिसले की मला तोच हंगाम आठवतो, गेल्याच्या आदल्या वर्षीचा.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा फौजेतून नायब सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि आल्या आल्या त्यांनी ही गाडी घेतली. तेव्हाही ती जुनीच होती, कुणा डॉक्टरांनी वापरलेली. गोल दिवे, फुगीर नाक, राखाडी रंग, आणि दारं इतकी जड की लावताना खांदा द्यावा लागतो. आता लग्नाच्या वरातीला तीच पाहिजे म्हणून लोक मागायला येतात. तेव्हा गावानं तिचं नाव ‘सुभेदारीण’ ठेवून तिची चेष्टा केली होती. त्यात आईची पंचाईत झाली, कारण खरी सुभेदारीण ती. मग गाव आईला वहिनी म्हणू लागलं, आणि सुभेदारीण म्हटलं की गाडी, असं ठरूनच गेलं. आई तिला सवत म्हणायची. आबा सकाळी बादली आणि फडकं घेऊन गाडीकडे निघाले की आतून आवाज यायचा, “सवतीची आंघूळ झाली की माझ्या बंबाला लाकडं फोडून द्या.”

पुढे पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं, आणि त्या दिवसापासून आमचं कुटुंब गाडीत ओरडून बोलायला लागलं. दुसरा इलाज नव्हता. पायाखालचा पत्रा थरथरायचा, गिअरचा दांडा हातात धरला तर कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, मागच्या काचा आपापसांत काहीतरी बडबडायच्या. डाव्या दारातून तर एक बारीक किणकिण यायची, जिचा पत्ता कुणालाच कधी लागला नाही. माझं लग्न याच गाडीत ठरलं, तेही ओरडून. मुलगा बघून आम्ही परत येत होतो. आबांनी विचारलं, “पसंत हाय का?” मी म्हणाले, “काय?” त्यांनी परत विचारलं, मला परत ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी पूर्ण मान मागे वळवली, आणि समोरून उसाची बैलगाडी येत होती. त्यांनी रस्त्याकडे बघावं म्हणून मी जिवाच्या आकांतानं “हो!” म्हणून ओरडले. नवऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

आईचे कान नेमके कधी गेले ते आम्हाला कळलं नाही. ती चतुर आहे. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती निम्मं ओळखायची आणि उरलेल्या निम्म्याला हसून मान डोलवायची. एकदा कुकर शिट्ट्या मारून मारून थकला, डाळ करपली, आणि आई शेजारीच बसून भाजी चिरत होती, तेव्हा मी तिला सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, या वयात बारीक आवाज आधी जातात. शिट्ट्या, घंटा, पाखरं. जाडे, घुमणारे आवाज राहतात, कुणाकुणाचे शेवटपर्यंत. आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. कानातलं मशीन कसं घालायचं हे शिकण्याच्या गडबडीत ते वाक्य तसंच मागे राहिलं.

मशीन आलं आणि आई परत बोलण्यात आली. घरात. गाडीत मात्र उलटंच झालं. मशीन काही निवड करत नाही, जे येईल ते मोठं करून कानात ओततं. आधीच कानठळ्या बसवणारं ते डिझेल इंजिन, त्यात मशीन. गावाबाहेरच्या कालव्यापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो, आईनं दोन्ही कान काढून डबीत टाकले आणि डबी घट्ट मिटली. “डोस्क्यात पिठाची गिरण बसवल्यागत झालं,” ती म्हणाली. मशीन काढलं की आमचं बोलणं तिला ऐकू येईना, आणि आबांचे ओठ बघायचे तर गाडी चालवताना त्यांचं तोंड रस्त्याकडे. मग ती गाडीत बसेनाशीच झाली. एसटीत चढणं गुडघ्यांमुळे आधीच बंद होतं. हळूहळू तिचं सगळं जगच अंगणाच्या फाटकापाशी येऊन थांबलं.

यात पलूस गेलं, म्हणजे तिचं माहेर. मामाचं गुऱ्हाळ आहे तिथं, अजून चालू आहे. त्यांच्या घरात एक रीत आहे: हंगामात रस आटवायची पहिली काहील चढवायच्या दिवशी चुलवणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीला, पहिलं हळदकुंकू घरच्या थोरल्या लेकीनं वाहायचं. ती सासरी कितीही लांब असो, तिनं यायचं, मगच चुलवणात जाळ घालायचा. आईनं लग्नानंतर ही रीत कधी चुकवली नव्हती. मी पोटात असतानाही ती गेली होती, असं मामी अजून सांगते. मशीन आलं त्या हंगामात मात्र ती गेली नाही. मामानं वाट बघितली, मग मामीनं हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी आईनं नेहमीपेक्षा जास्त भाकऱ्या थापल्या, एवढंच. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. सगळा राग मी त्या गाडीवर काढायचं ठरवलं.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा मी आबांना सांगितलं, “गाडीचा आवाज घालवायचा. नाहीतर गाडी घालवायची.”

आबांनी गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, “आवाज न्हाई तर ती चालू हाय का बंद, हे कळायचं कसं?” पण फौजेतला माणूस एकदा हुकूम कळला की कामाला लागतो. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की चिपाडाचे दाबून तक्ते करतात आणि ते मोठमोठ्या हॉलच्या भिंतींना आवाज दाबायला लावतात. चिपाडाला आमच्याकडे काय तोटा? आबांनी चारी दारांचे आतले पुठ्ठे उघडले, वाळलेलं चिपाड ठासून भरलं, आणि पुठ्ठे बसवून मला फोन केला. “ये बघायला. निम्मा आवाज खल्लास.”

खरंच थोडा कमी झाला होता. पण चिपाड कितीही वाळलेलं असलं तरी ते उसाचं. आठवड्याभरात गावातल्या यच्चयावत मुंग्यांना ही खबर लागली. आबा बँकेत जायला म्हणून निघाले आणि बसस्टँडपाशी गाडी उभी करून सदरा काढून उभे राहिले. सुभेदार भर चौकात बनियनवर, मानेवर मुंग्या चावल्याच्या लाल गांधी, आणि भोवती लोक. कुणीतरी म्हणालं, “आवं सुभेदार, सुभेदारीण लय गोड लागली वाटतं मुंग्यास्नी!” ऊस पिकवणाऱ्या घराशिवाय असा शहाणपणा दुसरं कुणी करणार नाही. आई ती हकीकत ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिनं मशीन घातलं होतं, आणि आबांना ती परत परत सांगायला लावत होती.

शेवटी आम्ही कुपवाडला गेलो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, सुकुमार, यांचा तिथं छोटा कारखाना आहे. कारखान्यांच्या पंपांना लागणारे रबराचे वायसर आणि पट्ट्या ते बनवतात, आणि हौस म्हणून जुन्या गाड्या नीट करतात. नाव सुकुमार, पण माणूस दणकट, आणि एकदा बोलायला लागला की थांबत नाही. गाडी बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. “बाई, काळजी सोडा. हिला अशी गप्प करतो की तुमच्या वर्गात नेऊन बसवा.”

आवाज घालवायचा म्हणजे आधी प्रत्येक आवाज वेगळा काढून ओळखायला लागतो, हे मला तिथं कळलं. सुकुमारनी बोटाच्या पेरांनी पत्रा ठोकून बघितला, कलिंगड घेताना ठोकतात तसा. टण्ण वाजला की खूण करायची, तिथं डांबराची शीट गरम करून चिकटवायची, परत ठोकायचं. धप्प आवाज आला की पुढे सरकायचं. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी अलगद ओढून निघाली तर तिथलं रबर मेलं. मग त्यांनी मला गाडीत बसवलं, काचांवर गोधड्या टाकल्या, आणि बॉनेट उघडून पलीकडून बॅटरीचा झोत मारला. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यात केवढी भोकं होती! माझ्या पायापाशी चांदणं पडलं होतं.

“जितनं उजेड येतोय तितनं आवाज येतोय बघा, बाई,” सुकुमार पलीकडून ओरडले. मी आतून एकेका भोकावर बोट ठेवत गेले आणि ते बाहेरून रबराची बुचं बसवत गेले. शेवटचं भोक बुजलं तेव्हा आत गच्च अंधार झाला. शाळेत मुलं एकदम गप्प झाली की मला जसं बरं वाटतं, तसं वाटलं.

डाव्या दाराचा पुठ्ठा काढला तेव्हा उरल्यासुरल्या चिपाडाबरोबर तळातून हिरव्या काचेचे तुकडे निघाले. बांगड्यांचे. आई खिडकीत हात टाकून बसायची. खड्डा आला की बांगडी पिचायची आणि तुकडा काचेच्या फटीतून आत पडायचा. इतकी वर्षं आम्ही ज्या किणकिणीला शिव्या घालत होतो ती आईच्या बांगड्यांची होती. आबांनी ते तुकडे तळहातावर घेतले, थोडा वेळ बघितले, आणि रुमालात बांधून खिशात टाकले. 

इंजिनाखालची रबरं बदलली, तळाला जाड लोकरीचा नमदा अंथरला, बॉनेटला आतून जाड फोम लावला. सायलेन्सर गंजून फुटला होता, तोही सुकुमारनी काढून भंगारात टाकला आणि नवा बसवला. गाडी घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा मी माझ्या आयुष्यात प्रथम त्या गाडीत हळू आवाजात बोलले. काय बोलले ते आठवत नाही. पण आबांच्या श्वासात एक बारीक शिट्टी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती कधीपासून होती कोण जाणे. वळताना ते स्वतःशीच “हं, चल” म्हणतात, हेही कळलं. शांततेत माणूस असा जवळ येतो आणि आपण जरा घाबरतो, कारण शिट्टी ऐकू आली की तिच्याबद्दल काहीतरी करावं लागतं.

आबांना मात्र चैन नव्हतं. ते आयुष्यभर कानानं गिअर बदलत आले होते. इंजिनचा सूर चढला की दांडा पुढे, उतरला की मागे. आता सूरच नाही. सांगलीत सिग्नलला गाडी उभी होती, त्यांना वाटलं बंद पडली, म्हणून त्यांनी चालू गाडीला परत चावी मारली. जी किंचाळी उठली ती ऐकून शेजारचा रिक्षावाला दचकला. “अशी गप्प बाई बरी न्हवं,” आबा पुटपुटले. मी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, होईल सवय. मी फार खुशीत होते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गाडी फाटकातून आत शिरली, चिंचेखाली उभी राहिली. दारात कुणी नव्हतं. हे कधीच होत नसे. आबा बाहेरून आले की आई दारात असायचीच, आणि आत चहाला उकळी फुटलेली असायची. आम्ही ते इतकं गृहीत धरलं होतं की असं का होतं याचा कुणी विचार केला नव्हता. ओसरीवर आई पाठमोरी बसून परातीत गहू निवडत होती, मशीन न घालता. आबा मागे जाऊन उभे राहिले. त्यांची सावली परातीवर पडली आणि आई अशी दचकली की परात उलटी झाली, गहू अंगणभर. तिनं वर बघितलं. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती रागावली नव्हती. भ्यायली होती, आणि मग एकदम थकल्यासारखी दिसली. “कवा आलासा?” एवढंच म्हणाली, आणि गहू गोळा करायला लागली. चहा त्या दिवशी मी केला.

त्यानंतर आबांचा फोन आला. “तुझी आई फाटकात जाऊन बसती. मी इस्लामपूरला गेलो का कारखान्याकडं ऊस बघायला गेलो, की आपली दगडावर बसून ऱ्हाती, मी येस्तोवर. गार वारं सुटलंय. आत बस म्हटलं तर ऐकत न्हाई.” पुढच्या रविवारी मी गेले. आई खरंच फाटकापाशी दगडावर बसली होती, शाल गुंडाळून, रस्त्याकडे तोंड करून. मी मशीन आणून तिच्या कानांत घातलं आणि शेजारी बसले. विचारलं, “काय चाललंय हे?”

तिनं शाल नीट ओढून घेतली. मग म्हणाली, “मला आता काय ऐकू येतंय ते तूच सांग. मशीन काढलं की पाखरू न्हाई, कुकर न्हाई, तुझा फोन न्हाई. एवढी ती एक सवत यायची. कालव्याच्या वळणाला आली की हितं,” तिनं छातीवर हात ठेवला, “हितं कळायचं. मग मी उठायची, पातेलं ठेवायची. फौजेत हुते तवा मानूस येणार कवा, येणार का न्हाई, कायबी कळायचं न्हाई. सांजच्याला दारात बसायची नि बघायची. येकांदा अचानक म्होरं उभं ऱ्हायचे, माझा जीवच जायाचा. ह्या गाडीनं पयल्यांदा मला आधी सांगितलं, आलं गं तुझं मानूस म्हणून. आता म्हातारपणी परत दारात बघत बसायचं व्हय?”

डॉक्टरांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. बारीक आवाज आधी जातात, जाडे राहतात. तिच्यासाठी म्हणून आम्ही कुपवाडपर्यंत जाऊन, भोक अन् भोक बुजवून, तिच्याकडे उरलेला एकुलता एक आवाज काढून टाकला होता. मी तोंड वळवलं तर मागे आबा उभे होते. कधीपासून, माहीत नाही. ते गाडीपाशी गेले आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही परत कुपवाडला. आबांनी काय पाहिजे ते सांगितलं तेव्हा सुकुमारनी हातातला पाना खाली ठेवला. मग ते म्हणाले, “बाई, आवाज काढायला लोकं येत्यात. घालायला आलेलं हे पयलंच गिऱ्हाईक.” आम्ही कारण सांगितलं. ते उठले, भंगाराच्या ढिगात शिरले, आणि जुना फुटका सायलेन्सर दोन्ही हातांत धरून घेऊन आले. फुटलेल्या जागी त्यांनी नळी जोडली, पण त्याचा घुमणारा घोगरा सूर तसाच ठेवला. दोनदा बसवून बघितला. आबा रस्त्यापलीकडे जाऊन डोळे मिटून उभे राहायचे आणि मान हलवायचे. अजून न्हाई, अजून जाडा. आतला नमदा, शीट, रबरं, सगळं होतं तसं राहिलं. आत शांत, बाहेर सुभेदारीण.

मामानं त्या हंगामात काहील चढवायचा दिवस कळवला तेव्हा आई लगेच पेटीतून साडी काढायला गेली. मी मागे बसले, आई पुढे, आबांच्या शेजारी, दोन्ही कानांत मशीन. तिनं डबी हातात तयार ठेवली होती. कालवा आला, डबी मिटलेलीच होती. आबांनी सवयीनं मान तिच्याकडे वळवून परेड ग्राउंडावरचा आवाज काढला, “दार नीट लागलंय का!”

आई कानावर हात ठेवून म्हणाली, “आवं, हळू. ऐकू येतंय मला.”

आबा जे गप्प झाले ते कृष्णेचा पूल येईपर्यंत. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, इतक्या वर्षांत विसरले होते. मला आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते, जुळवाजुळव चालली होती. पुलावर गेल्यावर ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “पाणी चांगलं हाय औंदा.” आई बाहेर बघत म्हणाली, “हाय की.” मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, “गेल्या टायमाला बी तुमी हितं कायतरी म्हणाला हुता. मला ऐकू आलं न्हवतं. काय म्हणाला हुता?” आबांना आठवेना. “असंच कायतरी,” ते म्हणाले. आयुष्यभर “गप्प बसा” म्हणत आलेली मी मागच्या सीटवर श्वास रोखून बसले होते, की यांनी थांबू नये. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

गुऱ्हाळावर पोचलो तर मामा आधीच बांधावर येऊन उभा. “लांबनंच कळलं, सुभेदारीण आली,” तो म्हणाला. आईनं चुलवणापुढे पदर सावरला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग जाळ घातला. चुलवणाच्या तोंडाशी चिपाड भुरुभुरु पेटलं, आणि आई जागची हलली नाही. काहिलीतल्या रसाला पहिला बुडबुडा फुटला तसं तिनं मामीला खुणेनं गप्प केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिली.

हे सगळं मला आता वरचेवर आठवतं. सांगलीत आमच्या इमारतीत हल्ली बिनआवाजाच्या विजेच्या स्कूटर झाल्या आहेत, नवऱ्यानंही घेतली. मला आवडायला पाहिजे. पण तो येऊन दारात उभा राहतो, बेल वाजते, आणि मी दचकते. कोण येतंय हे आधी न कळता एकदम माणूस समोर. एकेका घराला आपल्या माणसाच्या येण्याचा एक आवाज असायचा. चपलेचा, कडीचा, खोकल्याचा. मी त्यातल्या किती आवाजांना गप्प बसवलं असेल कोण जाणे. आबा आता थकले आहेत. श्वासातली शिट्टी वाढली आहे, औषध चालू आहे, संध्याकाळच्या उजेडात त्यांना समोरचं कमी दिसतं. डॉक्टर म्हणतात गाडी आता पुरे. मीही म्हणते, आणि म्हणताना आईकडे बघत नाही. एक दिवस त्या वळणावर हा आवाज येणार नाही, हे मला कळतं. त्याची मला फार भीती वाटते.

परवा रविवारी कपड्यांवरची काजळी फुंकून मी आत आले, तर आबा ऊस बघून यायचे होते, ऊन उतरलं होतं, आणि आई चुलीपाशी बसून मशीन काढत होती. एक कान डबीत गेला होता, दुसऱ्यावर हात होता.

“अगं, काढतेस कशाला? आता मी बोलू कुणाशी?” मी म्हणाले.

“हे घातलं की समद्याच गाड्या येत्यात,” आई म्हणाली. “काढलं की एकच येती.”

तिनं दुसरा कान काढला, डबी मिटली आणि मांडीवर हात ठेवून बसली. मीही कान देऊन बसले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं गेलं, मागून दुसरा गेला. कुत्रं भुंकलं. कुणीतरी पंप चालू केला. मला त्यात वेगळं असं काहीच ऐकू आलं नाही. आई उठली आणि चहाचं पातेलं ठेवलं.